वडगावच्या गाडीचा फोटो

वाहनांचे फोटो काढणं हा छंद आहे, हे माझ्या घरच्यांना अजून मान्य नाही. माझ्याकडे उसाच्या ट्रॉल्या आहेत, इचलकरंजीला सूत नेणारे टेम्पो आहेत, स्टेशनात उभी असलेली डिझेल इंजिनं आहेत. नव्हती ती फक्त एक एसटीची लाल गाडी. कोल्हापूरहून पेठ वडगावला जाणारी. नोकरीची शेवटची बारा वर्षं मी तिच्यातून शाळेत शिकवायला गेलो, आणि तिचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. ती रस्त्यावरून धावताना मी कायम तिच्या आतच बसलेला असायचो, हे त्याचं कारण.

निवृत्तीनंतर एकदा त्या गाडीचा कंडक्टर भेटला. म्हणाला, ही जुन्या बांधणीची गाडी महिनाअखेरीला भंगारात निघणार. मग मात्र मी घाई केली. मला एकच फोटो हवा होता. वाठार फाट्यावरून गाडी आत वळली आहे, दोन्ही बाजूंना ऊस आहे, मागे धूळ उडते आहे, आणि गाडीपुढे माणूस नाही.

या शेवटच्या अटीनंच सगळा घोळ झाला. आमच्याकडे गाडीचा फोटो म्हणजे गाडीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो. नवा ट्रॅक्टर आला की त्याच्यापुढे आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं घर उभं राहतं आणि ट्रॅक्टरचा एक दिवा कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावतो. हा छंद असलेले राजारामपुरीतले दातांचे डॉक्टर माझ्या जोडीला असतात. ते म्हणतात, "तुम्हाला रिकामी गाडी हवी, म्हणजे नवरदेवाशिवाय लग्नाचा फोटो."

सुरुवात मी सरळपणे केली. स्टँडवर गाडी लागली होती, मी कॅमेरा काढला. रखवालदार लांबूनच ओरडला.

"काय ओ पावणं, कुणाचा फोटू काढताय?"

"गाडीचा."

"गाडीत कोण हाय?"

"कुणी नाही."

"मग कशाला काढताय?" त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "परवानगी हाय काय? न्हाय न्हवं? अर्ज करा की आगारात."

इथं मी चूक केली. शिक्षकाला अर्ज करायला सांगणं म्हणजे त्याला रान मोकळं करून देणं. दोन ओळींत काम झालं असतं, मी दोन पानं लिहिली. गाडीची सेवा, पावसाळ्यातली तिची निष्ठा, माझी कृतज्ञता, सगळं आलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. आगारातल्या साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"सर, तुम्ही एवढं लिहिलंय. आता नुसत्या फोटोवर कसं भागवायचं? कार्यक्रमच घेऊ."

"कार्यक्रम नको. फोटो पाहिजे."

"कार्यक्रमात फोटो असतोच की."

शेवटच्या फेरीच्या दिवशी मी आगारात पोचलो तेव्हा गाडी दिसत नव्हती. म्हणजे गाडी तिथंच होती, पण तिला केळीचे खुंट बांधले होते, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि तोंडावर हा एवढा फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर सात मान्यवरांचे चेहरे होते. कोपऱ्यात एक बसही होती, पण ती वेगळीच, कुठल्या तरी परदेशातली, निळी. मला शाल दिली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. एका वक्त्यानं गाडीला माउली म्हटलं. दुसऱ्यानं तीस मिनिटं स्वतःच्या पहिल्या निवडणुकीबद्दल सांगितलं, त्यात गाडी एकदाच आली, तीही पंक्चर झालेली. डॉक्टर मधूनच कॅमेरा उचलून म्हणायचे, "साहेब, जरा बाजूला होता का?" साहेब "व्हय, व्हय, घ्या की," म्हणून आणखी ताठ उभे राहायचे.

मी ड्रायव्हरला गाठलं. बारा वर्षांची ओळख. म्हटलं, "मला तुम्हीच वाचवा. फाट्यावर हे सगळं काढता का?"

"तुमच्यासाठी काढतो की सर. त्यात काय?"

"आणि आम्ही आतल्या वळणावर उभे असू. थांबायचं नाही. सरळ निघून जायचं."

"न्हाय थांबत."

आम्ही डॉक्टरांच्या मोटारीनं पुढे गेलो. उसाच्या कडेला उभे राहिलो. ऊन तिरपं होतं, हवं तसं. गाडी वळली. फ्लेक्स नाही, माळा नाहीत, कपाळावर फक्त 'पेठ वडगाव'ची पाटी. मागे धूळ. मी कॅमेरा वर उचलून डोळ्याला लावला आणि गाडी चौकटीत भरू लागली. भरत भरत आली, हळू झाली, आणि थांबली. दार बरोबर माझ्यापुढे. चौकटीत आता एक पायरी होती आणि कंडक्टरचं पोट.

"चढा सर," कंडक्टर म्हणाला.

"अहो, थांबू नका म्हटलं होतं ना!"

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. "सर, तुम्ही हात वर केलासा की ओ! तुम्ही रस्त्याला हात वर केला की माझा पाय ब्रेकवर जातोच. मी काय करू?"

"मागे घ्या. परत या."

मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येऊन ठेपला होता आणि त्याचा हॉर्न अडकल्यासारखा वाजत होता. गाडीतून एक बाई म्हणाल्या, "ओ मास्तर, चढायचं तर चढा, न्हायतर बाजूला सरा. माझी म्हस पान्हा सोडून बसली असंल."

गाडी निघाली. पाठमोरी तरी घ्यावी म्हणून कॅमेरा उचलला, तर सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर आले. समारंभाला आलेली निम्मी मंडळी आत होती आणि त्यांना फोटोत यायचं होतं. त्यांच्यामागून ट्रॉल्या गेल्या आणि गाडी दिसेनाशी झाली.

बारा वर्षांत ती गाडी माझ्यासमोरून न थांबता एकदाही गेली नव्हती. आता यावर कुणाकडे तक्रार करायची?

डॉक्टर मोटारीचं दार उघडत म्हणाले, "जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात या मार्गावर नवी गाडी येतेय. तिचा काढा."

मी कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि त्यांच्या शेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसलो.