बोटीची दुसरी बाजू

माझे केस हा पाचूबंदरचा सार्वजनिक विषय होता. जेट्टीवरचा मासळीचा लिलाव आटोपला, जाळी शिवायला माणसं सावलीत बसली आणि बोलायला दुसरं काही उरलं नाही, की माझ्या केसांवर चर्चा सुरू व्हायची. कुणी सांगे खोबरेल चोपड, कुणी सांगे गोटा कर, म्हणजे नवे सरळ येतील. काकीने एकदा हिय्या करून त्यांत कंगवा घातला. कंगव्याचे दात केसांत राहिले आणि काकीच्या हातात नुसती मूठ आली.

केस आईचे होते. आई आफ्रिकेतली, मोम्बासाची. बाबा पाचूबंदरचे, जहाजावर स्वयंपाकी. त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी मोम्बासाला थांबलं आणि मुक्काम लांबला, एवढंच ते सांगत. पुढचं आई सांगे, आणि ती सांगायला लागली की बाबा लाजून बाहेर निघून जात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी लहान असताना, आम्ही तिघं इकडे आलो. बाबा पुन्हा जहाजावर गेले आणि आई काकीबरोबर मासळी विकायला बसू लागली. मराठी ती लिलावातच शिकली, त्यामुळे तिचं सगळं बोलणंच लिलावाच्या पट्टीतलं. मला जेवायला हाक मारली की शेजारची पोरंही दचकून ताटावर बसत.

बाहेरून येणारा प्रत्येक माणूस मला बघून थबके. ‘‘कोनाची गो पोर तू?’’ मला या प्रश्नाचा कंटाळा कधी आला नाही, कारण मी दर वेळी नवं उत्तर देत असे. आगाशीहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईला मी सांगितलं, की मी एका घोळ माशाच्या पोटात सापडले. वटारच्या केळीवाल्याला सांगितलं, की माझी आई राजकन्या आहे आणि आमच्या मोरीत सिंह बांधलेला आहे. त्याने विश्वास ठेवला नसावा. पण आमच्या दाराशी आला की केळ्यांची टोपली उंबऱ्यापासून जरा लांबच ठेवायचा. जाळी शिवणारे म्हातारे तर मुद्दाम मला बोलावून विचारत, ‘‘काय गो, आज कुठशी आयलीस?’’ आणि मी सुरू.

एवढी दणदणीत आई, पण फोटो म्हटलं की गायब. लग्न असो, बारसं असो, फोटोवाला समोर उभा राहिला की ती म्हणे, ‘‘तुमी उभे ऱ्हावा, मी पिशव्या धरते.’’ चर्चमधल्या माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या फोटोत कडेला एका पिशवीचा कोपरा दिसतो. तीच माझी आई. मोम्बासाहून आणलेले कांगे, म्हणजे तिकडच्या बायका अंगाला गुंडाळतात ती मोठ्या नक्षीची सुती कापडं, आई फक्त दार लावून नेसायची. मी एकदा भांडलेच तिच्याशी. ती म्हणाली, आपल्यामुळे सगळा फोटो वेगळाच दिसतो, लोक मग नवरा-नवरीला सोडून आपल्यालाच बघतात. मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. आईने माझ्या वाटणीची तळलेली मांदेली शांतपणे खाऊन टाकली.

रंगांचा नाद मला बोटींमुळे लागला. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवत आणि मासेमारीला समुद्र पुन्हा उघडायच्या आधी त्यांना रंग देत. उरलेले डबे माझे. निळा, पांढरा, लाल, पिवळा, काळा मिळे, पण तपकिरी कधीच नाही, कारण तपकिरी बोट कुणालाच नको असते. मग मी तो स्वतः करायला शिकले. लालात पिवळा, वर थोडा काळा. थोडा म्हणजे किती, यावर आमच्या घरातली तिन्ही माणसं वेगळी होत. बाबांचा रंग झटकन जमे. आईच्या रंगाला थेंबभर निळाही लागतो, हे कळायला मला फार वेळ लागला. त्या दिवशी मी इतकी खूश झाले की तो रंग तिच्या दंडाला लावून बघितला. जमला होता. तेलरंग असल्यामुळे तो आठवडाभर तिथेच होता, आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी मोठ्या काकांनी नवी बोट बांधली. बोटी रंगवणारा नेहमीचा पेंटर विरारच्या नव्या बिल्डिंगींच्या पाट्या रंगवण्यात अडकला होता. तेव्हा काकांनी मला बोलावलं. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, दोन्ही बाजूंनी चित्र काढायची आमच्याकडे हौस असते. काका म्हणाले, ‘‘टोपलीवाली बाय काढ. दोनी बाजूला येकसारकी.’’

मी हो म्हटलं. आणि तेव्हाच ठरवून टाकलं, की आई फोटोतून पळते ना, मग तिला अशा चित्रात घालायचं जिथून तिला पळताच येणार नाही.

बोटीच्या एका अंगाला बंदरावरचा जुना किल्ला होता, दुसऱ्या अंगाला जेट्टी. किल्ल्याच्या बाजूला मी काकी काढली. लाल लुगडं, अंबाड्यात फुलं, डोक्यावर टोपली. जेट्टीच्या बाजूला आई. अंगाला पिवळा-काळा कांगा, डोक्याला त्याचाच फडका, फडक्यातून बाहेर आलेले आमचे ते केस, आणि टोपली तीच. पावसामुळे बोटीवर ताडपत्री होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. बोटीला आशीर्वाद द्यायला फादर येणार त्या सकाळी ताडपत्री निघाली, आणि भांडण लागलं.

किल्ल्याच्या बाजूला बसलेले म्हणाले, बाई झकास, लुगडं काय शोभतंय! जेट्टीवाले म्हणाले, लुगडं कुठलं, डोळे फुटले का तुमचे? पैज लागली. जागेवरून उठून पलीकडे जाऊन बघावं, हे बराच वेळ कुणालाच सुचलं नाही. शेवटी काका आले, बोटीला पूर्ण फेरी मारली, पुन्हा एकदा मारली, आणि कपाळाला हात लावून वाळूत बसले. दोन तोंडांची बोट सरळ जायची कशी, हा त्यांचा सवाल होता.

काकी मात्र स्वतःचं चित्र बघून फुलली होती. ती काकांना म्हणाली, ‘‘आमी दोगी जावा रोज येका फळीवर बसून मासं इकतो. तवा नाय कदी धंदा वाकडा गेला!’’

लोक हसले. काका जरा नरमले, पण हटले नाहीत. म्हणाले, ‘‘तुज्या जावेला बोलव. तिनं बोललं ऱ्हाऊ दे, तर ऱ्हाईल. नायतर पुसायचा.’’

आई काय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणणार, पुसा. सगळ्या बंदरासमोर, फादरांसमोर, मान खाली घालून.

काकीने तिला हाताला धरून ओढतच आणलं. आई गर्दीतून पुढे आली आणि चित्रासमोर थांबली. ती जवळ गेली, कांग्याची नक्षी बघितली, केस बघितले, तोंड बघितलं. मग लिलावाच्या आवाजात विचारलं, ‘‘ह्या कोनाचा नाक?’’

‘‘तुझंच,’’ मी म्हटलं.

‘‘माजा नाय. माजा ह्या बग!’’ तिने स्वतःच्या नाकावर बोट आपटलं. ‘‘मोठा हाय. पसरट हाय. माज्या आयचा हाय!’’

मी चित्राकडे बघितलं. रंग तिचा होता, थेंबभर निळ्यासकट. केस तिचे होते. पण नाक काढताना माझा हात आपोआप आखडला होता. बरं दिसावं म्हणून मी ते बारीक आणि सरळ केलं होतं, काकीच्या नाकासारखं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला अशी लाज वाटली की कान तापले.

‘‘मंग पुसायचा काय?’’ काकांनी आशेने विचारलं.

‘‘पुसायचा नाय,’’ आई म्हणाली. ‘‘मोठा काढायचा.’’

आणि ती बोटीला पाठ टेकून उभी राहिली, हनुवटी वर करून, सगळ्या पाचूबंदरकडे तोंड करून. मी धावत जाऊन डबे आणले. लोक जवळ सरकले आणि सूचना सुरू झाल्या. एक म्हणाला आजून रुंद, दुसरा म्हणाला बास, काकी म्हणाली तुमी गप ऱ्हावा, तुमचा नाक नाय ता. भरती चढत होती. फादर पवित्र पाण्याचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, आता सुरू करू या का?

‘‘थांबा फादर,’’ आई ओरडली. ‘‘पोर माजा नाक काढते.’’

फादर थांबले. मी रंग ढवळला आणि तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती जराही हलली नाही.