भाषणात न आलेलं गाव

बसस्टॉपवर उभ्या असलेल्या आमच्यातल्या एका आजींना कुणीतरी गाडीतून ओरडून "परत जा तुमच्या देशात" म्हटलं, म्हणून आमच्या मंडळानं वर्णद्वेषावर सभा ठेवली. इथे न्यूझीलंडात, ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळी. बोलायची जबाबदारी माझ्यावर आली. ऑकलंडपासून जवळच्याच एका गावात एकेकाळी न्हावी इथल्या मूळच्या माओरींचे आणि भारतीयांचे केस कापत नसत, थिएटरात त्यांना चांगल्या जागा मिळत नसत, हे मी तावातावानं सांगितलं. खूप टाळ्या पडल्या.

माझी मैत्रीण मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. सहा वर्षं आम्ही एकाच ऑफिसात आहोत, रोज माझ्याच गाडीतून जातो. त्या दिवशीही तिला घरी सोडायला मीच निघाले होते.

"भाषण आवडलं नाही का गं?" मी विचारलं.

"छान बोललीस." मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "माझ्या आजोबांचेही केस गावचा न्हावी कापायचा नाही."

"कुठल्या गावचा?"

"तुझ्या."

मागचा गाडीवाला हॉर्न वाजवेपर्यंत मी गाडी हलवली नाही.

पहिल्याच भेटीत मी कौतुकानं गावाचं नाव सांगितलं होतं, तेव्हाच तिनं आमचं घराणं ओळखलं होतं. "आणि तू कुठली? आडनावावरून लक्षात येत नाही," असं मी हसत विचारलं होतं म्हणे. तिनं नुसतं 'पुणे' म्हटलं होतं. मला यातलं काहीच आठवत नव्हतं.

"आजोबा तुमच्या शेतावर वेठीला जायचे," ती म्हणाली. "बोलावणं आलं की घरचं काम टाकून. दिवसभर राबल्यावर भाकरी मिळायची, तीही वरून टाकलेली."

"अगं, पण मी तर कधी जात मानली नाही."

"तुला मानायची गरजच पडली नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी गावी काकांना फोन लावला.

"वेठ कसली?" काका म्हणाले. "घरचीच माणसं होती ती. आपण त्यांना काही कमी केलं नाही."

"मग घरात कुठपर्यंत यायची, काका?"

काका म्हणाले, "इतक्या लांब बसून तुला हे कुठून सुचतं?" आणि फोन ठेवला.

पुढच्या सभेत हे सांगायचं मी ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष वैतागले. "आपल्यावर झालेल्या अन्यायाची सभा आहे ही. त्यात आपलंच काय उकरायचं?" मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, "माझी गोष्ट सांगू नकोस. तुझी सांग."

त्या सभेला ती आली नाही. मी गावाचं नाव घेतलं, आमच्या घरानं माणसं फुकट राबवली असं म्हटलं. माझं बोलणं संपायच्या आतच काहीजण उठून चहाकडे गेले. टाळ्या पडल्या नाहीत. नंतर खुर्च्या उचलताना एक ओळखीची बाई शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "मी सगळ्यांना गाव विचारल्यावर पुणेच सांगते." मी काही बोलायच्या आत ती गेली.

काका अजून माझा फोन घेत नाहीत. मैत्रीण रोज सोबत येते, पण पूर्वीसारखी मोकळी बोलत नाही, आणि मीही प्रत्येक शब्द तपासून बोलते. माफी मागावी असं कितीदा तरी वाटतं, पण ती द्यायचं ओझं पुन्हा तिच्यावरच टाकल्यासारखं होईल, म्हणून गप्प बसते.

परवा धीर करून मी तिच्या आजोबांचं नाव विचारलं. तिनं ते सांगितलं. आमच्या घरातल्या कुणीही त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नव्हती, हेही सांगितलं.