ड्रोनला घातलेला हार

आमच्या दादाला, घरात नवीन वस्तू आली की तिला हार घातल्याशिवाय चैन पडत नाही. फ्रीज आला तेव्हा फ्रीजला घातला. माझ्या स्कूटरला तर इतका जाडजूड घातला की पुढचा दिवा दिसेना. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, त्यामुळे नारळ, हार आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलणं ही कामं त्याच्याकडे आपोआप चालत येतात. मी नोकरीपायी रत्नागिरीत राहिले, पण सुट्टीला गावी गेले की यावरून त्याची यथेच्छ थट्टा करायची. आता करत नाही.

त्या वर्षी आंब्याची कलमं मोहोराने भरली होती आणि फवारणीला माणसं मिळत नव्हती. पूर्वीही पुरेशी कधी मिळायचीच असं नाही. मग दादा स्वतःच पाइप घेऊन झाडाखाली उभा राहायचा. औषध खालून वर मारायचं, म्हणजे अर्धं मोहोरावर आणि अर्धं आपल्याच तोंडावर. तोंडाला टॉवेल गुंडाळला की झालं, असं त्याचं म्हणणं. त्याचा खोकला थंडीभर हटला नाही तेव्हा वहिनीने मनावर घेतलं. तिने इकडे तिकडे चौकशी करून सावर्ड्याच्या बाजूच्या एका बचत गटाचा ड्रोन ठरवला.

तो उडवायला आली एक पोरसवदा बाई. नवरा मुंबईला, सासूसासरे गावी, आणि ही शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन, रीतसर परवाना मिळवून ड्रोन उडवणारी. छोट्या टेम्पोतून उतरली ती सगळ्यांना काका-काकी करतच. तोंडाची टकळी एकसारखी चालू, आणि ड्रोनविषयी बोलायला लागली की तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद यायचा की बघत राहावं. यंत्रही चांगलं दणकट होतं. हात पसरल्यावर आमच्या पडवीतल्या बाजेएवढं झालं.

उडवायला तिने बागेच्या वरचा सडा निवडला. सपाट कातळ, झाड नाही, घर नाही. आधी ती सगळीकडे फिरून आली. पंपाच्या विजेची तार कुठून जाते ते बघितलं, सुटे खडे पायाने बाजूला सारले, रुमाल धरून वारा बघितला. कातळात खुंट्या ठोकता येईनात म्हणून चिरे मांडून त्यांना दोरी बांधली आणि आम्हाला सांगितलं, "दोरीच्या आत कोणीच यायचं नाही. उडताना मीसुद्धा आत नसते." आम्ही माना डोलावल्या. तोवर निम्मं गाव सड्यावर जमलं होतं.

आणि दादा नारळ आणि हार घेऊन दोरीच्या आत गेला.

त्याला कोण अडवणार? गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं, तिनेही मनापासून हात जोडले. नारळ फुटला. मग दादाने झेंडूचा हार ड्रोनवर, पात्यांच्या लगत घातला. ती हसत पुढे झाली आणि तो काढून घेतला. "काका, हार नको हां. पात्यात जाईल."

दादाचा चेहरा उतरला. "अगो, देवाकडचा हार हाय तो," तो म्हणाला. "सगल्यांदेखत काढून ठेवलंस तर बरा दिसल काय? वर नको तर खाली बांद. आजचा दिस तरी ऱ्हांव दे."

ती घुटमळली. तिने एकदा हाराकडे बघितलं, एकदा दादाकडे, एकदा जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे. मला तो क्षण अजून दिसतो आणि अजून वाईट वाटतं. तिला ठाऊक होतं. पण ती आमच्यासारख्याच घरातली. हातात देवाचं घेऊन उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याला चारचौघांत 'नाही' कसं म्हणायचं, हे आमच्याकडे कुठल्या मुलीला शिकवतात? तिने खाली वाकून तो हार ड्रोनच्या पायाला स्वतःच्या हाताने बांधला. दादा खूश झाला.

मग तिने सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतः पलीकडच्या मोकळ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि ड्रोन वर चढवला. डोक्याच्या वर गेला असेल नसेल, तोच आकाशातून झेंडूच्या पाकळ्या पडायला लागल्या. पिवळ्या, केशरी, सगळ्या सड्यावर. आम्हाला वाटलं देवच प्रसन्न झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. माणसं मोबाइल वर धरून फोटो काढत पुढे सरकली आणि दोरी कधी ओलांडली गेली ते कोणाला कळलंही नाही.

पायाशी लोंबणारं हाराचं टोक वाऱ्याने उडून पात्यात गेलं होतं. फुलं पडून गेली आणि दोरा गुंडाळत राहिला. गिरणीत धान्याबरोबर खडा गेला की होतो तसा आवाज आला आणि ड्रोन आमच्या बाजूला कलला.

"मागं व्हा!" ती ओरडली. आमचे पाय तर जागचे हलेनात. मग तिने ड्रोन आमच्यापासून दूर वळवला. रिकामी बाजू एकच होती, ती उभी होती ती. तो तिच्यापुढे कातळावर आपटला, टाकी फुटून औषध सगळीकडे पसरलं आणि पात्याचा तुटका तुकडा तिच्या उजव्या हातावर बसला.

सगळ्यात आधी तिच्याजवळ पोचला तो दादाच. त्याने खांद्यावरचं उपरणं तिच्या हाताला गुंडाळलं आणि रत्नागिरीला पोचेपर्यंत तो हात सोडला नाही. हात वाचला. अंगठा मात्र पुरता वाकेना. इतर कोणाचं एवढ्याने अडलं नसतं, पण तो ड्रोन उडवायचा असतो दोन अंगठ्यांनी.

दादा तिला बघायला गेला तेव्हा मी बरोबर होते. त्याने तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "काका, तुमचं काही नाही. मीच नको म्हणायला हवं होतं." परतताना घाट उतरल्यावर दादा गाडीत एवढंच म्हणाला, "शिव्या घातल्यान असत्यान तर बरा झाला असता."

मध्यंतरी ती मला सावर्ड्याच्या बाजारात भेटली. गटाच्या स्टॉलवर कोकम विकत होती. त्यांचा ड्रोन आता दुसरीच कोणी उडवते. माझी पिशवी डाव्या हाताने बांधता बांधता ती म्हणाली, "मावशी, खरं सांगू? फुलं पडायला लागली तेव्हा मला पण बरं वाटलं. वाटलं, माझ्यावरच पडतायत. पात्यांकडे बघायचं सोडून मी फुलांकडे बघत राहिले." एवढं बोलून ती हसली. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही.

यंदा वहिनीने पुन्हा ड्रोन बोलावला, दुसऱ्या ठिकाणचा. उडवणारा एक तरुण होता, त्यानेही दोरी बांधली. सवयीने कोणीतरी हार आणला होता. दादाने तो काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत कोंबला. माणसं कुरकुरली, गाऱ्हाणं तरी घाला म्हणाली. दादा दोरीच्या बाहेर, सगळ्यांच्याही मागे जाऊन उभा राहिला आणि तिथूनच त्याने नारळ धरला.

"बा महाराजा," तो म्हणाला, "ज्या पोरीला नको म्हनायचा आसल, तिला नको म्हनायची ताकद दे. नि ता आयकायची बुद्धी आमाला दे."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले, दर वेळी म्हणतात तसंच. मीही म्हटलं. ज्या पोरीसाठी ते गाऱ्हाणं होतं, ती त्या वेळी सावर्ड्याला कोकम विकत असेल.