लाभाचा थेंब

आमच्या घराच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पांढऱ्यावर निळी अक्षरं, आणि नावापुढे बी.एस्सी. ही पाटी माझ्या शेवटच्या परीक्षेच्या चार दिवस आधीच रंगवलेली आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

झालं असं, की सावनेरचा पेंटर आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर अक्षरं काढायला आला होता. बाबांना वाटलं, माणूस आलाच आहे, ब्रशही ओला आहे. मी नागपूरहून फोनवर ओरडले, की अजून केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल बाकी आहे, त्यात वेगळं पास व्हावं लागतं, नाही झाले तर कसली बी.एस्सी.? बाबा म्हणाले, "थेंबच त मोजाचे आहेत ना वं? पोते पोते तूर मोजली आपण."

थेंबांचं मीच त्यांना सांगितलं होतं. द्रवाचा पृष्ठताण मोजायला काचेची एक नळी असते. मध्ये फुगा, खाली केसासारखं बारीक भोक. नाव स्टॅलॅग्मोमीटर. हे नाव न अडखळता म्हणणारी आमच्या अख्ख्या खानदानात मी पहिली, आणि पाहुणे आले की आई मला ते म्हणून दाखवायला लावायची. नळीत पाणी ओढून घ्यायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत किती थेंब पडतात ते मोजायचं. मग साबणाच्या पाण्याचे मोजायचे. साबण पाण्याची पकड ढिली करतो, थेंब लहान असतानाच सुटतो, म्हणून तेवढ्याच नळीतून जास्त थेंब पडतात. त्या आकड्यांवरून पुढचं गणित. आईला हे एका दमात समजलं. ती म्हणाली, त्यात काय, भांडे घासताना रोज पाहते मी.

समजत नव्हतं ते एकच. वर्षभर माझा आकडा आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या जोडीदारणीचा आकडा कधी जुळला नाही. ती नागपुरातल्या जरीपटक्याची, सिंधी, घरचं कापडाचं दुकान, मोजामापात पक्की. तिचे पाण्याचे एकतीस आले की माझे तीस. साबणाचे तिचे सत्तर, तर माझे एकोणसत्तर. तिने माझ्या डोळ्यांवर संशय घेतला, मी तिच्या प्रामाणिकपणावर. एकदा आम्ही सरासरी काढून साडेतीस थेंब लिहिले, तर सरांनी वही उंच धरून वर्गाला विचारलं, की हा अर्धा थेंब पडताना कोणी पाहिला. शेवटी ती मला ओढत चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. माझी नजर उत्तम निघाली. मग मी तिचीही तपासून घेतली, हिशेब बरोबर राहावा म्हणून.

परीक्षेत मात्र ज्याचे थेंब त्यानेच मोजायचे होते. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक बाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी सकाळीच सगळ्या नळ्यांचे थेंब स्वतः मोजून चिठ्ठी पर्समध्ये ठेवली होती. मी तीनदा मोजलं. तीस, तीस, तीस. एवढी सुंदर मोजणी अख्ख्या लॅबमध्ये कोणाची नव्हती, मी मान ताठ करून उभी राहिले. बाईंनी चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, एकतीस पाहिजेत.

माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती पाटी होती, आणि खुरपं घेऊन ती खरवडणारे बाबा.

"डोळा चुकला असता तर कधी एकोणतीस आले असते, कधी बत्तीस," बाई म्हणाल्या. "तू तीनदा सारखीच चुकली आहेस. ही सवय आहे. माझ्यासमोर मोज, मोठ्यानं."

मी नळी पुन्हा भरली. पहिला थेंब पडला. मी म्हटलं, "लाभ." दुसरा पडला. "एक."

पलीकडच्या टेबलावर माझ्या जोडीदारणीने हातातला बीकर हळूच खाली ठेवला. "पूरे साल यही चल रहा था क्या?" ती म्हणाली.

आता हे सांगायलाच पाहिजे. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. हे कास्तकाराच्या घरी पोरासोरांनाही माहीत. पण आमच्या घरची रीत त्याच्या एक पाऊल पुढे. ती पहिली पायली आम्ही वेगळ्या फडक्यावर ओततो. ती देवळाची. आपली नाहीच, तर मोजायची कशाला? दुसऱ्या पायलीला एक. मी आकडे शिकले ते शाळेत नाही, बाबांपुढे तुरीच्या राशीपाशी. नळीखाली बसले तरी मनात तोच सूर लागायचा, आणि मनातलं कोणाला ऐकू जाणार?

मी हे सगळं बाईंना सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला. त्या यवतमाळकडच्या निघाल्या, शेतीवाडीच्याच. त्यांच्याकडे लाभाच्या पाठीवर दोन म्हणतात, म्हणजे लाभ मोजतातच, हे देवळाचं आम्ही कुठून काढलं? मी म्हटलं, मॅडम, देवाला दिलेलं आपल्या राशीत कसं धरता? वाद रंगला. तोंडी परीक्षेत मला घनतेची व्याख्या धड आली नव्हती, पण इथे मी एक इंच हटले नाही. नळी बिचारी टपकत राहिली, तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "पोरी, केमिस्ट्रीत देऊळ नाही. पहिला थेंबसुद्धा नळीतूनच आला ना? त्याला एक म्हण आणि पाण्याचे, साबणाचे, दोन्ही पुन्हा मोज."

मी पहिल्या थेंबाला एक म्हटलं. कानाला फार वाईट लागलं. पण पाण्याचे एकतीस आले, साबणाचे सत्तर, आणि उत्तर बरोबर निघालं. मार्क किती ते सांगत नाही. पास झाले.

निकालानंतर गावी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. "मंग देवाले काय देलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही बाबा, तिथं तसं चालत नाही. त्यांना ते काही पटलं नाही.

मग मला दाराशी नेऊन त्यांनी पाटी दाखवली. शेवटच्या अक्षराखाली निळ्या रंगाचा एक थेंब ओघळून, पाटीच्या काठाशी येऊन वाळला होता. मी म्हटलं, पेंटरनं रंग पातळ केला असेल, ब्लेडनं खरवडून टाकते.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तो मोजाचा नाही."