मेरीने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव

गेल्या बुधवारी चिखलीत एका बारशाला गेलो होतो. पेढा खाऊन परत यायचं, एवढाच बेत होता... तो पेढा अजून घशाखाली नीट उतरलेला नाही.

बारसं माझे मित्र दत्तोपंत यांच्या नातवाचं. थोरली सून इंदू, तिचं हे दुसरं मूल; पहिलं आठ महिन्यांचं असताना गेलं. तेव्हापासून त्याचं नाव घरात घ्यायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक. या वेळी त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं... पोराचं नाव दगडू.

"चांगल्या नावाच्या लेकराले नजर लागते. दगडाले कोण उचलून नेते?" न्यायशास्त्र मीही शिकलोय, पण असला तर्क त्यात नाही.

धाकटी सून मेरी. धाकटे चिरंजीव डॉक्टरकी शिकायला कॅनडात गेले आणि येताना हिला घेऊन आले. तिचे पूर्वज कधीकाळी फ्रान्सहून बोटीने तिकडे गेले, त्यांचा माग काढायचा तिला नाद. मराठी सासूकडून उचललेली, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. एकदा मी दत्तोपंतांची वंशावळ दाखवली, तर म्हणाली, "यात बायका कुठी आहेत?" मी विषय बदलला.

तिच्याकडे बायकांना तोटा नाही. आई मेरी, आजी मेरी, पणजी मेरी, बहिणीही मेरीच... पुढे आणखी एक नाव जोडून ओळखायच्या. "आमच्या विष्णूला हजार नावं, तुमच्यात हजार जणींना एक," मी चिडवलं. ती हसली. मग सहज म्हणाली, तिकडे मूल गेलं की तेच नाव पुढच्याला देत. तिचं पूर्ण नाव गावच्या दफनभूमीतल्या दोन लहान दगडांवर कोरलेलं आहे. ती तिसरी.

मी कप खाली ठेवला. चहा अर्धा होता...

महाराष्ट्र झाल्यापासून एसटी वेळेवर येते म्हणतात. बुधवारी जालन्याची गाडी खरंच वेळेवर आली, पण बाळाची आत्या तिच्यात नव्हती. म्हणून कानात नाव सांगायचा मान मेरीला.

"दगडू म्हणजो. ध्यानात राहीन ना?" सासूबाईंनी बजावलं.

"हाव."

पोर सकाळपासून रडत होतं. मेरी पाळण्यावर वाकली, कानाशी काहीतरी पुटपुटली... आणि रडणं तिथेच थांबलं. बाळाने हळूच मान वळवली आणि दाराकडे बघू लागलं. बारा दिवसांच्या पोराला काय दिसतं, मला ठाऊक आहे. दारात कुणी नव्हतं, हेही मी पाहिलं. तरी तिथे बसलेल्या बायकांनी सरकून वाट करून दिली होती.

"काय म्हणलं व तू?" पाळण्याशी बसलेल्या इंदूने विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक.

"मनोहर."

सासूबाईंच्या हातातली घुगऱ्यांची परात खाली आपटली. घरात घ्यायचं नाही ते नाव हेच. "तुले कोनं सांगतलं हे नाव?"

मेरी गोंधळून गेली. "जाऊबाईच दुपारी झोपेत हाक मारतात ना, रोज... मले वाटलं, त्यालेच परत बोलावून राह्यल्या."

"दगडू म्हण! आत्ताच्या आत्ता म्हण!"

"नको," इंदू म्हणाली. तिने बाळाला उचललं आणि जागेपणी, सगळ्यांसमोर, मोठ्याने हाक मारली. "मनोहर!" बाळाने दारावरची नजर काढून तिच्याकडे वळवली... सावकाश.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, काही शांत-बिंत सांगा ना हो." मी म्हणालो, शास्त्रात याला आधार नाही आणि बंदीही नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शास्त्रातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

निघालो तेव्हा रस्त्यापर्यंत इंदूचा आवाज येत होता. इतक्या दिवसांचं साठवलेलं एकच नाव, पुन्हा पुन्हा... रडत, हसत. एका हाकेला दोघं येत असतील, तर येवोत. दोघांचंही भलं होवो.