दोन्ही बाजूंना कुंकू

"तुझा हात मोडणारा गेला वं बाई!" दादा गेल्याची बातमी चुलतभावानं मला फोनवर अशी दिली. "तोंड सांभाळ आपलं!" म्हणत मी फोन आपटला, आणि मग तिथंच बसून ढसाढसा रडले. महिना झाला, राग काही उतरत नाही. आई नाही, दादा नाही... आता कुणाची भीड? सांगूनच टाकते.

पन्नास-साठच्या मधला काळ. बाबा घुग्घुसच्या कोळसाखाणीत, क्वार्टरात नुकतीच विजेची लाईन आलेली. दादाला रेडिओ खोलायचा भारी नाद. एका जुन्या घड्याळाला टिनाचा डबा जोडून त्यानं त्यावर बारा निऑनच्या बत्त्या बसवल्या. जितके वाजतील त्या आकड्याची बत्ती नारिंगी पेटायची. पण या बत्त्यांना साधे सेल पुरत नाहीत, शंभराच्या आसपास व्होल्ट लागतात. रेडिओची मोठी सुकी बॅटरी घ्यावी तर ती संपते, ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर नागपूरहून आणा. "आण ना मग," मी म्हटलं. "दम नाई निघत वं मले. लाईन घरातच हाये." झालं, जोडली सरळ लाईन! धोका एकच : दोन पिनांचा प्लग, त्याची एक तार डब्यालाच जोडलेली, उलटा बसला की करंट टिनाच्या डब्यावर. म्हणून त्यानं प्लगच्या एका बाजूला कुंकवाचं बोट लावलं. कुंकू वर ठेवूनच घालायचा. आमच्या घरात दुसरी खूण कुणाला सुचणार?

दसऱ्याला आईनं हत्यारं पुजायला काढली. विळा, कुऱ्हाड, बाबांची सब्बल, आणि कौतुकानं लेकाचं घड्याळही. जुनं कुंकू पुसून नवं लावायचं ही रीत. तिनं प्लग पुसला, दोन्ही बाजूंना ठसठशीत कुंकू लावलं, घातला भोकात, आणि पाठ फिरवून कापूर शोधू लागली. मी ओल्या फरशीवर अनवाणी, ओल्या हातानं डब्यावर फूल ठेवायला गेले... आणि चिकटले. ओरडताही येईना. प्लग माझ्या आड, दादाचा हात पोचेना. दादानं कोपऱ्यातलं लाकडी मुसळ उचललं आणि माझ्या हातावर असं हाणलं की हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला आला.

मी सुटले ती बेशुद्धच. आई वळली तर पोरगी खाली, मुसळ लेकाच्या हातात! "काऊन मारलं रे पोरीले?" दादानं प्लगकडं पाहिलं, आईच्या कुंकवानं माखलेल्या बोटांकडं पाहिलं. "राग आला मले," म्हणाला. बाबांनी पट्ट्यानं त्याला फोडून काढलं. ओठ फाटला, देवापुढं रक्त सांडलं, पण गड्यानं हात वर केला नाही. मग उठला, प्लग उपटला आणि त्याच मुसळानं घड्याळाचा चुरा केला. खरं काय ते त्यानं मला एकटीला सांगितलं. "आईले सांगशील तर याद राख. जीव देईल आई."

मला स्थळं यायची, वाकडा हात पाहून कुजबुजायची. तेव्हा दादाच पुढं व्हायचा, "जन्माचं नाई जी, म्या मोडला." एकजण तर त्याच्या पायाशी थुंकून उठला. मी चिडून म्हणायची, "अरे, किती दिवस शिव्या खाशील?" तो नुसता हसायचा, मेला!

मधल्या खोलीत आईची खाट अजून तशीच आहे. शेवटच्या दुखण्यात तिनं दादाला उशाशी बोलावलं. "लेकरा, पोरीचा हात मोडला तू... म्या तुले माफ केलं." मी पदर तोंडात कोंबून दारात उभी. दादानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"लई चांगलं केलं, आई," तो म्हणाला.