क्लिफडनला जपलेलं सुजिनच्या आजोबांचं पत्र

मे २०२१ मध्ये आयर्लंडमधला लॉकडाऊन सैल होऊन काउंटीबाहेर जायची परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात मी सुजिनला सांगून टाकलं, "शनिवारी निघू. गाडी मी चालवते."

सुजिन इथल्या नावन गावातली माझी शेजारीण, मूळची सोलची. तिचे आजोबा कोरियावर जपानी राजवट असताना वर्तमानपत्र चालवायचे. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं म्हणून दोनदा तुरुंगात गेले, पुढे खासदार झाले. पण पहिल्या वेळी ते माफीनामा लिहून सुटले, असं लोक बोलायचे. त्या लाजेपायी तिचे बाबा त्यांचं नावही काढत नसत. लॉकडाऊनमध्ये सुजिनने शोध घेतला, तेव्हा कोरियात आजोबांच्या ओळखीच्या झालेल्या एका आयरिश पाद्र्याची पुतणी पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लिफडनला सापडली. तिच्याकडे आजोबांनी त्या पाद्र्याला लिहिलेलं पत्र होतं, पण ते पोस्टात टाकायला बाई तयार नव्हत्या.

ट्रिम, किनेगडवरून मोटरवे धरला. हॉटेलात आत बसायला बंदी, म्हणून अॅथलोनला नदीकाठी गाडीतच तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल गॉलवेतच भरून घ्या. पुढे कॉनेमाराचा डोंगराळ भाग: तळी, मेंढ्या आणि अरुंद रस्ता. डोंगर बघायला मी दोनदा थांबले. सुजिन उतरली नाही. पत्रात माफीनामाच निघाला तर, एवढंच तिने विचारलं. निघाला तर वाचू, मी म्हटलं.

पाद्र्याच्या पुतणीने, म्हणजे ऐंशीच्या ब्रीडबाईंनी, आम्हाला बागेत बसवलं, शाली दिल्या, चहा दिला. कोरियन त्यांना वाचता येत नव्हतं. काकांनी जपलं म्हणून त्यांनीही जपलं होतं.

सुजिनने पत्र आधी मनात वाचलं, मग मला अर्थ सांगितला. माफीनामा खरा होता. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे दोघे तुरुंगात आजारी पडले होते. आजोबांनी सही केली तरच तिघांना सोडणार होते.

"'सही माझीच आहे, ती मी नाकारणार नाही,'" सुजिनने वाचलं. "'पण अंक सोमवारी निघेल.'"

मग ती म्हणाली, "दुसरी अटक त्याच अंकासाठी झाली असणार."

ब्रीडबाईंनी पत्र तिला देऊन टाकलं.

माफीनामा खोटा निघावा, असं जाताना मला वाटत होतं. तो खरा निघाला, आणि तरीही मला त्या माणसाबद्दल जास्तच आदर वाटला. कॉनेमाराचे डोंगर कुणीही दाखवेल. माझ्याकडे राहिलं ते हे.

रविवारी सुजिनने सोलला व्हिडिओ कॉल लावून पत्र वाचून दाखवलं. तिचे बाबा पत्र संपेपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी चष्मा लावला.

"कॅमेऱ्याजवळ धर," ते म्हणाले. "माझ्या वडिलांचं अक्षर बघू दे."